लाल तुकड्यावरच्या माश्या

दत्ता,

तू गेल्यापासून मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडतो आहे, आणि मी कुठल्या बाजूने भांडतो आहे हेच मला समजत नाही. एरवी आपलं भांडण सरळ असे. तू एक म्हणायचास, मी दुसरं म्हणायचो, वहिनी चहाचे कप मधे आणून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आता तोंडं दुसऱ्या कामाला लावा." आता दोन्ही बाजू मलाच मांडाव्या लागतात. त्यात तुझी बाजू नक्की कोणती होती हे मला कधी ठाऊकच नव्हतं, असं अलीकडे लक्षात आलं आहे. म्हणून लिहायला बसलो. एखादी गोष्ट कागदावर मांडल्याखेरीज मला कळत नाही, यावरून तू मला शाळेपासून "कारकून" म्हणत आलास. तुझी बहीण यमू माझ्या घरात आली तरी तुझं ते सुटलं नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा वाढप्याला ओरडलास, "त्या कारकुनाला जिलबी मोजून वाढ रे, नाहीतर त्याला झोप यायची नाही."

आमचा वसंता रेल्वेच्या परीक्षेत नापास झाला. अभ्यासात नाही, डोळ्यांत.

तू असतास तर पहिल्यांदा तुलाच सांगायला आलो असतो. खरं म्हणजे तू असतास तर तू बरोबरच आला असतास, कारण इंजिनावर जायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते तुझ्याच घरी राहून. खोपोलीला इंग्रजी शाळेची सोय धड नव्हती, म्हणून तू त्याला दहिवलीला घेऊन गेलास आणि मॅट्रिक होईपर्यंत स्वतःच्या मुलासारखा ठेवलास. त्याबद्दल मी कधी चार शब्द बोललो नाही. बोललो असतो तर तू चेष्टाच केली असतीस. नदी ओलांडून शाळेत जाताना तो रोज कर्जत स्टेशनाच्या पुलावर थांबायचा. पुण्याच्या गाड्यांना घाट चढण्यासाठी मागून इंजिन जोडतात, ते बघायला. "मला पुढच्या इंजिनावर नाही जायचं," तो म्हणायचा, "मागच्यावर. मागचं ढकलतं म्हणून गाडी चढते." यमूला याचं कोण कौतुक.

तर मी त्याला घेऊन मुंबईला रेल्वेच्या डॉक्टरांकडे गेलो. छाती, वजन, लांबची अक्षरं, सगळं उत्तम निघालं. मग डॉक्टरांनी टेबलावर रंगीत लोकरीच्या लडींचा ढीग ओतला, त्यातली एक फिकट हिरवी लड बाजूला ठेवली आणि म्हणाले, "याच्या जातीच्या सगळ्या काढ."

मी भिंतीकडच्या बाकावर बसलो होतो. वसंताने भराभर लडी काढायला सुरुवात केली. पोपटी काढली, शेवाळी काढली. मग राखी काढली, भुरकट काढली, विटकरी काढली, आणि एक चक्क गुलाबीसर. मला वाटलं पोरगं डॉक्टरांची थट्टा करतं आहे. हात जराही अडखळत नव्हता. चुकणाऱ्याचा हात असा चालत नाही, दत्ता. भाताच्या गिरणीत इतकी वर्षं मी माणसांना मापं टाकताना बघतो आहे. ज्याला खात्री नसते तो मधे थांबून वर बघतो. वसंताने वर बघितलंच नाही. मग डॉक्टरांनी लाल लड ठेवली, तर त्याने तिच्याजवळ गर्द हिरव्या नेऊन ठेवल्या, आणि शाबासकीच्या अपेक्षेने हात टेबलावर ठेवून उभा राहिला.

डॉक्टर चांगला माणूस होता. त्यांनी न रागावता चुकलेल्या लडी वसंताला दाखवल्या, मग माझ्याकडे वळून विचारलं, "हे तुमच्याकडून आलेलं नसतं. मुलाच्या आईच्या माहेरी बघावं लागतं. याला मामा आहे?"

"होते," मी म्हटलं.

"त्यांना रंग ओळखता यायचे?"

"डॉक्टर," मी म्हटलं, "ते कापडाचे व्यापारी होते."

मी हे अगदी सरळ मनाने सांगितलं. यापेक्षा मोठा पुरावा कुठला? डॉक्टर नुसते "अच्छा" म्हणाले. आणि वसंता, जो लडी परत ढिगात टाकत होता, मान खाली घालून म्हणाला, "मामानं पण याच काढल्या असत्या."

परतीच्या गाडीत कल्याण मागे पडलं. मग मी विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"आजच कळलं," तो म्हणाला. "डॉक्टरांनी चुकलेल्या लडी दाखवल्या तेव्हा. मला त्या सगळ्या एकाच जातीच्या दिसत होत्या. आणि मामा डोळ्यासमोर आला. तो अन् मी कधी रंगावरून भांडलोच नाही आप्पा. मी म्हणायचो ते त्याला पटायचं, तो म्हणायचा ते मला पटायचं."

"आणि सिग्नल?"

"दिवसा हात वर आहे का खाली आहे ते बघायचो. रंग कोण बघतं?"

नेरळ गेल्यावर तो खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "माघात तुम्ही सगळे म्हणायचात, ती बघा टेकडीवर सावर लालभडक फुलली. मी हो म्हणायचो. मला झाड दिसायचं. फुलली आहे ते जवळ गेल्यावर कळायचं, माश्यांचा आवाज आला की."

मला त्या क्षणी वसंताचं दुःख व्हायला हवं होतं, आणि झालंही. पण खोटं कशाला सांगू, माझ्या डोक्यात तुझी ती मधमाश्यांची फळी आली आणि तिथून हलेना.

मधमाश्या पाळायला शिकवणारे ते गृहस्थ कर्जतला येऊन गेले, लाकडी पेटी दाखवून गेले, आणि तू सातेरी माश्यांचं एक मोहोळ भिंतीच्या पोकळीतून काढून परसातल्या पेटीत बसवलंस, तिथपर्यंत ठीक होतं. पण त्या गृहस्थांनी जाता जाता सांगितलं की मधमाशीला लाल रंग दिसत नाही, तो तिला काळ्यासारखाच. उलट जांभळ्याच्याही पलीकडचा एक उजेड उन्हात असतो, तो माणसाला दिसत नाही आणि तिला दिसतो. दुसरं कोणी असतं तर ऐकून सोडून दिलं असतं. तू चिडलास.

"त्यांच्याकडच्या माशीला नसेल दिसत," तू म्हणालास. "आपली माशी पांगाऱ्यावर काय आंधळी जाते? सावरीवर काय चाचपडत जाते?"

"वासाने जात असेल," मी म्हटलं.

"सावरीच्या फुलाला वास? नाक लावून बघ एकदा, कारकुना."

मग तू दुकानातलं सूत मोजायचं भिंग आणलंस आणि मेलेल्या चतुराचा डोळा मला दाखवलास. मलमलीच्या विणीसारखी बारीक बारीक घरं, एकाला एक लागून, सगळ्या गोल डोळ्यावर. एकेक घर म्हणजे एकेक डोळा, मधमाशीचंही तसंच, फक्त आणखी बारीक, असं तू सांगितलंस. आणि मग तुझा तो सवाल, ज्यावर तुला फार अभिमान होता: "हजारो डोळे आहेत तिला. आणि तू म्हणतोस त्या हजारांतल्या एकालाही लाल दिसत नाही?"

मी म्हटलं, "एकाच खोट्या मापाने हजार पोती मोजली तर हजार वेळा चूकच येणार. पोती वाढली म्हणून माप खरं होत नाही."

तू म्हणालास, "तू माणूस नाहीस, तराजू आहेस."

पण त्याच आठवड्यात तू फळी मांडलीस. ती पद्धत आठवली की मला आजही बरं वाटतं. दुकानातल्या ताग्यांचे हाताएवढे तुकडे फळीवर मांडायचे. एक रंगीत, बाकीचे पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत वेगवेगळ्या राखी छटांचे. रंगीत तुकड्यावरच्या बशीत साखरपाणी, बाकी बश्यांत नुसतं पाणी. माश्या शिकल्या की सगळ्या बश्या रिकाम्या ठेवायच्या, तुकड्यांच्या जागा बदलायच्या आणि माशी कुठे उतरते ते मोजायचं. कापडाच्या रंगाला वास असतो म्हणून वरती काच ठेवायची, हे मी सुचवलं. तू आधी नाही म्हणालास आणि पुढच्या रविवारी काचा कापून आणल्यास. लढाईचे दिवस, साखर कार्डावर. यमू एकदा तुझ्या परसात उभी राहून म्हणाली, "माणसांना गुळाचा चहा अन् माश्यांना साखर! दादा, पुढच्या जन्मी तुझी माशी होईन." तू म्हणालास, "आताच हो की गं, चावतेस तर तशीच."

निळ्यावर माश्या बिनचूक आल्या. तुकडा कुठेही हलवा, निळ्यावरच. माश्या निळ्याची परीक्षा पास झाल्या म्हणून तू पेटीला नमस्कार केलास. पिवळ्यावरही आल्या. भांडण लागलं ते लालवर.

मी रविवारी यायचो. मी मांडलेल्या फळीवर माश्या लाल तुकडा ओळखत नव्हत्या. जितक्या लालवर उतरायच्या तितक्याच काळ्यावर, आणि गडद राखीवरही. साखर लालवर खाल्लेली, पण बशी रिकामी झाली की त्यांना लाल आणि काळं यांतला फरक कळेना. आठवड्यात तू आणि वसंता मांडायचात, तेव्हा मात्र माश्या म्हणे लालवर सरळ यायच्या. पुढच्या रविवारी मी मांडलं की पुन्हा गोंधळ.

"तुमचं आणि माझं जुळत नाही," मी म्हणायचो.

"माश्या तुला घाबरतात," तू म्हणायचास. "तुझ्याकडे बघून त्यांना वाटतं जकातवाला आला."

वसंता हसून लोळायचा. मी म्हणायचो तुम्ही दोघं नीट मोजत नाही. तू म्हणायचास, मोजण्यात मी कापडवाला आहे, तुझ्या बापाला शिकव. आणि एकदा तू अगदी हातघाईवर आल्यासारखा म्हणालास, "तिला लाल दिसतं. दिसतंच. तुझ्यासमोर सिद्ध होत नाही म्हणून काय ते खोटं?"

आता मला वाटतं ते असं. आठवड्यात तुम्ही दोघं दुकानातल्या चिंध्यांतून लाल म्हणून जो तुकडा काढायचात, तो कधी लाल असेल, कधी विटकरी, आणि कधी सरळ हिरवा. तू विचारायचास, "वसंता, लाल ना हा?" तो म्हणायचा, "हो मामा." किंवा तो विचारायचा आणि तू हो म्हणायचास. दोघांनी एकमेकांना तपासलं आणि दोघांचंही बरोबर निघालं. हिरव्यावर मधमाशी येते, त्यात काही विशेष नाही. तिने तुमच्यापेक्षा चांगलं ओळखलं, इतकंच. हा माझा तर्क आहे. ताडून बघायची सोय नाही, कारण त्या तुकड्यांची वहिनींनी गोधडी शिवली. परवा मी ती मुद्दाम उजेडात पसरून बघितली. लाल आहेत, हिरवे आहेत, चॉकलेटी आहेत. कुठला तुकडा कुठल्या वारी फळीवर होता हे गोधडी सांगत नाही.

आणि तर्क खरा धरला तरी मी तिथेच अडतो. मग तुला ठाऊक नव्हतं. ज्याला आपल्या डोळ्यांतलं वैगुण्य ठाऊक आहे तो लालच्या परीक्षेला स्वतः का बसेल? साक्षीदार म्हणून आपल्यासारख्याच पोराला का घेईल? तू तेव्हा मनापासून चिडला होतास. सोंग करणारा तसा चिडत नाही.

पण मग दुकानातली कपाटं? लाल लुगडी वरच्या फळीवर, हिरवी खालच्या, मधे निळी-काळी. एवढ्या वर्षांत ही मांडणी तू बदलू दिली नाहीस. दिवाळीत चुना द्यायला माल बाहेर काढला की आत लावायला तू हात लावायचा नाहीस; वहिनी लावायच्या. मी त्यांना म्हणायचो, तुमच्यासारखी टापटीप कोणाची नाही. आता मला कळत नाही की ती टापटीप होती की दुसरं काही.

यमूचं डोहाळजेवण आठवतं का? वसंताच्या वेळचं. माहेरचं हिरवं लुगडं भावाने आणायचं. तू एकटाच मुंबईला मालाला गेला होतास, तिकडूनच घेऊन थेट खोपोलीला आलास. घडी उलगडली तर तांबूस तपकिरी. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. माझी आई म्हणाली, "हे कुठल्या देशातलं हिरवं रे बाबा?" तू तोंड एवढंएवढं करून म्हणालास, "हिरवंच आहे. उजेडात न्या, दिसेल." उजेडात नेल्यावर ते जास्तच तपकिरी दिसलं. यमूने ते नेसलं. कोणाला काही बोलू दिलं नाही. मला वाटलं होतं, मुंबईच्या दुकानदाराने तुला दिव्याखाली फसवलं. पुढे कित्येक वर्षं मी तुला उजेडात माल बघून घ्यायचा सल्ला देत राहिलो, आणि तू "हो बाबा" म्हणत राहिलास. त्या "हो बाबा"मध्ये काय होतं?

आणि सगळ्यांत शेवटचं. दसऱ्यानंतर तू आजारी पडायच्या आधी आपण पुलाजवळ बसलो होतो. मी म्हटलं, वसंताचा अर्ज पाठवतो आहे. तू म्हणालास, "इंजिनावर नको घालूस त्याला. माझ्या दुकानात बसू दे."

मी म्हटलं, "त्याला कपड्याचा कंटाळा आहे."

"सगळ्यांनाच असतो. बसू दे."

"कारण सांग."

"कारण काय सांगायचं? मला मूल नाही, हे कारण घे."

मी ते कारण घेतलं. मला ते जरा लबाडीचंही वाटलं, पोराचा हौसेचा मार्ग अडवून आपलं दुकान पुढे चालवायचं. तसं मी बोललो नाही, पण तू माझा चेहरा ओळखायचास. तू उठून चालायला लागलास. त्यानंतर तापाच्या दिवसांत मी दोनदा येऊन बसलो, पण तो विषय आपण काढला नाही. तुला श्वास लागत होता, आणि मी हवापाण्याचं बोलत बसलो.

तुला ठाऊक होतं की नव्हतं? ठाऊक असेल, तर त्याला पुलावर उभं राहून इंजिनाची स्वप्नं बघू का दिलीस? एक शब्द सांगितला असतास तर हे सगळं लडींच्या टेबलापुढे उघडं पडलं नसतं. ठाऊक नसेल, तर "इंजिनावर नको" हे कुठून आलं? मी दोन्ही बाजूंनी मांडून बघतो. एका बाजूने मांडलं की फळीवरच्या माश्या उरतात, दुसऱ्या बाजूने मांडलं की पुलाजवळचं ते बोलणं उरतं. बाकी काही केल्या शून्य येत नाही.

कधी वाटतं, अर्धवट ठाऊक असावं. माणसाला एखादी गोष्ट ठाऊक असते आणि तिच्याकडे तो बघत नाही, असं असू शकतं का? मला स्वतःला तसं कधी झालेलं नाही. किंवा झालं असेल आणि मी बघितलं नसेल. बघ, तुझ्या नादाने मी असं काहीतरी लिहायला लागलो.

एकदा तू म्हणाला होतास, "जांभळ्याच्या पलीकडचा उजेड तिला दिसतो, तुला दिसत नाही. तरी तुला कोणी आंधळा म्हणतं का?" मी म्हटलं, "जे कोणालाच दिसत नाही त्यावाचून कोणाचं अडत नाही." तू भिंगाशी खेळत म्हणालास, "हां. सगळ्यांना दिसतं तेच अडतं." मी ते विनोद म्हणून घेतलं.

यमूला मी सगळं सांगितलं. डॉक्टरांचं म्हणणं असं की मामाचं भाच्याकडे येतं, आणि ते आईतून येतं, आईला स्वतःला काही नसताना. ती तांदूळ निवडत होती. "म्हणजे माझ्यातून आलं," ती म्हणाली. मी म्हटलं, तुझा यात काही दोष नाही. "दोष कोण म्हणतंय?" ती माझ्यावरच उसळली. "माझ्या भावाचं काहीतरी माझ्या पोरात आहे. तुम्ही त्याला दोष म्हणा, नाहीतर आणखी काही म्हणा. मला रडू द्या." आणि ती रडली, तुझ्या दिवसांतसुद्धा रडली नव्हती इतकी. ते रडणं तुझ्यासाठी होतं की वसंतासाठी, हेही मला कळलं नाही. विचारलं नाही.

वहिनींना मात्र विचारलं. "वहिनी, दत्ताला लाल-हिरवं कळत नव्हतं का?"

त्या सुपारी कातरत होत्या. म्हणाल्या, "भावोजी, लग्न होऊन आले तेव्हा ते म्हणाले, लाल वर ठेव, हिरवं खाली. मी ठेवलं."

"पण का, हे विचारलं नाहीत?"

"नवऱ्याला प्रत्येक गोष्टीचं का विचारत बसले असते तर संसार झाला असता का? तुमच्या यमूताईंनी तरी विचारलं का, तुम्ही विड्याची पानं मोजून का घेता?"



रेल्वेकडून नंतर कळलं की मालधक्क्यावर कारकुनाची जागा निघाली तर विचार होऊ शकेल, तिथे रंगाची अट नाही. मला बरं वाटलं; सरकारी पगार, बसायची जागा. वसंता म्हणाला, "समोरून इंजिन जाताना बघायचं आणि पावत्या फाडायच्या? नको आप्पा." मग त्याने स्वतःच मामीला जाऊन विचारलं, दुकान मी चालवू का. वहिनींनी कनवटीची किल्ली काढून दिली. मला कोणी विचारलं नाही. तुझीच इच्छा पुरी झाली म्हणायची, पण ज्या वाटेने झाली ती तुला आवडली असती की नाही, सांगता येत नाही.

दुकान उघडायच्या आधी वसंता म्हणाला, "मी येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यांदाच सांगणार, मला रंग कळत नाहीत."

मी हादरलो. "अरे, दुकानदाराने गिऱ्हाइकाला असं सांगायचं नसतं. आधीच सरकारच्या कापड-कंट्रोलमुळे कपाटं अर्धी रिकामी. त्यात असं सांगितलंस तर उद्यापासून कोण चढेल पायरी? मामीचं पोट आहे या दुकानावर."

"रेल्वेत गेलो तेव्हा मला ठाऊकच नव्हतं," तो म्हणाला, "आणि त्यांनीच ते काढून दाखवलं. पुन्हा तसं नको."

मी त्या दिवशी गिरणीतून रजा काढून दुकानात बसलो. वहिनी आतल्या दाराशी. सकाळी बाजाराला आलेलं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक म्हातारी, पलीकडच्या वाडीतली, बरोबर सून. सुनेसाठी लुगडं हवं होतं. वसंता उभा राहिला. कानांच्या पाळ्या लालबुंद झालेल्या मला दिसल्या. त्याला कधी दिसणार नाहीत.

"आजी, आधी एक सांगतो," तो म्हणाला. "मला लाल-हिरव्यातलं कळत नाही. डोळ्यांत तसं आहे. तुम्ही बोट दाखवा, मी काढून देतो."

म्हातारीने त्याच्याकडे बघितलं, मग सुनेकडे बघितलं. "आगं बया! ह्याला पन नाय कळत!"

मी वहिनींकडे बघितलं.

"मंग त्यात यवडं काय रं, तोंड पाडून सांगायला?" ती म्हणाली. "तुज्या मामाला तरी कुटं कळत व्हतं? सगल्या बाया आमी आमचं आमीच बोलायचो, शेट, वरलं चवथं काडा, खालचं दुसरं काडा. रंग बोलायचोच नाय."

वसंताने कपाटाला हात टेकला. "मामाला माहीत होतं, आजी? तुम्ही ओळखलंय म्हणून?"

"त्ये मला काय म्हाईत, बाबा? आमी कंदी इचारलं नाय, त्यानं कंदी सांगितलं नाय. मानूस ग्वाड व्हता, माप चोख व्हतं. बास की." मग तिने डोळे बारीक करून वरच्या फळीकडे बघितलं. "त्ये काड. त्ये नाय रं, त्याच्या उजव्या अंगाचं. हां, त्येच."

वसंताने घडी खाली काढली, दोघींपुढे टाकली आणि एका झटक्यात उलगडली, अगदी तू उलगडायचास तशी नाही, जरा वाकडी. सुनेने पदर हातात घेतला. म्हातारी भाव पाडायला लागली.

मी बाकावरून उठून जवळ जाऊन बघितलं, दत्ता. ते लालच होतं.